‘चालकाची चूक’ एवढे लिहून फाईल बंद करू नका

मोटारी घडवणारे अभियंते, कंपन्यांचे सुरक्षा विभाग आणि वाहनांचे नियम ठरवणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

थांबलेली किंवा रांगत चाललेली गाडी एकाएकी उसळी घेते. इंजिनाचा आवाज टिपेला जातो. चालक जीव खाऊन पाय दाबून धरतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी आणखीच पळते. सगळा प्रकार काही सेकंदांचा असतो. समोर भिंत असली तर नशीब म्हणायचे. पुष्कळदा समोर माणसे असतात. चालक वाचला तर त्याच्या तोंडून पहिले वाक्य निघते, ‘मी ब्रेकच दाबला होता.’ काही आठवड्यांनी अहवाल येतो, ‘वाहनात दोष आढळला नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला होता.’

या दोन वाक्यांमध्ये गेली चाळीस वर्षे भांडण चालू आहे. मी गाडी चालवायला शिकवते. हे भांडण मला परके नाही, कारण चुकणारा पाय मी शेजारच्या सीटवरून पाहत आले आहे.

चालकांची बाजू घेणाऱ्या अनेकांना आवडणार नाही अशी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अशा बहुतेक अपघातांत चूक पायाचीच असते. आजवरचा पुरावा तेच सांगतो आणि माझा रोजचा अनुभव त्याच्याशी जुळतो. तुमच्या गाड्यांवर खोटा आळ घेण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. माझी तक्रार पुढची आहे. पाय चुकला हे सिद्ध झाले की तुम्ही फाईल मिटता. त्याच जागी तुमचे काम सुरू व्हायला हवे.

पाय चुकतो कसा, हे ज्याने जवळून पाहिलेले नाही त्याला पटतच नाही. ‘दोनच तर पेडल आहेत, त्यात कसला एवढा गोंधळ?’ असे लोक विचारतात. गोंधळ डोक्यात नसतोच. चालकाने ठरवलेले असते ब्रेकचे, मेंदूने पायाला हुकूमही ब्रेकचाच सोडलेला असतो, फक्त पाय काही सेंटिमीटर उजवीकडे उतरतो. अमेरिकेतील रिचर्ड श्मिट हे माणसाच्या हालचालींचे अभ्यासक. त्यांनी १९८९ मध्ये या प्रकाराची नीट उकल करून दाखवली. कोणतीही सवयीची हालचाल दर वेळी तंतोतंत तशीच होत नाही, थोडा इकडेतिकडे फरक पडतोच. हजारो वेळा पाय ब्रेकवर बरोबर पडतो आणि एखाद्या वेळी पडत नाही. ही निष्काळजी नव्हे, शरीराची घडणच तशी आहे.

खरा घात त्यानंतर होतो. आपण ब्रेक दाबला आहे अशी ज्याची पक्की खात्री आहे, त्याची गाडी पुढे झेपावली तर त्याला एकच अर्थ लागतो, ब्रेक लागत नाही. ब्रेक लागत नसेल तर माणूस काय करतो? आणखी जोर लावतो. जोर वाढला की वेग वाढतो, वेग वाढला की भीती वाढते, भीतीने पाय आणखी ताठरतो. दचकलेल्या माणसाला पाय उचलून पुन्हा ठेवावा हे सुचत नाही, कारण चूक पायाची असेल ही शंकाच त्याच्या मनाला शिवत नाही. म्हणून पुढे पोलिसांपुढे आणि कोर्टात तो शपथेवर ‘मी ब्रेक दाबला’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी तेच घडलेले असते. तुमच्यापैकी काही जण अशा माणसाला लबाड ठरवतात, ते थांबवा.

चूक कुठे होते तेही ठरलेले आहे. रिव्हर्स घेताना चालक मागे वळून पाहतो, धडाबरोबर कंबर वळते आणि जमिनीवर टेकलेली टाच नकळत सरकते. पार्किंगच्या फाटकाशी तिकीट घ्यायला खिडकीतून हात लांबवला की सगळे वजन एका कुशीवर जाते, पाय ब्रेकवरून सैल होतो, गाडी हलते, माणूस घाबरून पाय आपटतो, आणि तो भलतीकडे पडतो. अनोळखी गाडी, दुसऱ्याने मागेपुढे केलेली सीट, जाड तळाचे बूट यांनी अंतराचा अंदाज बिघडतो. वय झाले की मांडीचा सांधा आखडतो. मग पाय उचलून ब्रेकवर ठेवण्याऐवजी टाच टेकवून नुसता चवडा फिरवण्याची सवय लागते आणि चवडा पुरेसा फिरत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने या प्रकारच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पार्किंगच्या जागा ठळकपणे दिसतात, आणि चालकांमध्ये अगदी तरुण आणि बरेच वयस्क अशा दोन टोकांची संख्या जास्त दिसते. नवशिक्यांकडे पाहून मला याचे जराही आश्चर्य वाटत नाही.

यात तुमच्या रचनेचाही एक वाटा आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. क्लचच्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय आपटतो. डावा पाय क्लचवर पडला की इंजिन चाकांपासून सुटते. इंजिन बोंबलते, पण गाडी पळत नाही. पायाच्या चुकीवर हा आपोआप मिळालेला तोडगा होता. ऑटोमॅटिक गाडीने क्लच काढला, चालवणे सोपे केले, ते उत्तम झाले. पण त्या क्लचबरोबर जे संरक्षण गेले त्याच्या जागी दुसरे द्यायला हवे होते. विजेच्या गाडीत तर हा प्रश्न आणखी धारदार होतो. तिथे मोटारीचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून चाकाला मिळतो. इंजिन घेते तेवढा अवकाशसुद्धा नाही आणि सावध करणारा आवाजही नाही. त्यात एकाच पेडलवर चालवण्याची सोय आली. पाय उचलला की गाडी स्वतःच मंदावते, त्यामुळे ब्रेककडे जायची पायाची सवय मोडत जाते. ऐन वेळी लागणारी हालचालच सरावातून उतरते. ही सोय देताना याचा विचार झाला होता का, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.

शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय चुकला तर मी कारण विचारत बसत नाही, आधी गाडी थांबवते आणि मग बोलते. परवाना मिळाला की तो ब्रेक आणि शेजारचा माणूस दोन्ही नाहीसे होतात. आजच्या गाडीला पुढे-मागे कॅमेरे आहेत, रडार आहे, पेडल किती आणि किती झटक्याने दाबले हे तिला मिलिसेकंदांत कळते. तीन हातांवर भिंत आहे आणि थांबलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर एका फटक्यात तळाला गेला आहे, याचा अर्थ गाडीला लावता यायला हवा. भिंतीत गाडी घालायची इच्छा कुणालाच नसते. त्या क्षणी आज्ञा पाळण्याची काय गरज आहे?

हे मी हवेत बोलत नाही. गाडी बदलून पायाची चूक आवरता येते, हे तुमच्याच इतिहासात आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीवरून मोठे वादळ उठले. गाडी आपोआप पळते अशा तक्रारींचा ढीग लागला, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाला, कंपनीचा खप कोसळला. १९८९ मध्ये सरकारी अभ्यासाचा निष्कर्ष आला. मुख्य कारण चुकीचे पेडल दाबले जाणे हेच आहे, मात्र पेडलांची मांडणी आणि इंजिनाची अचानक वाढणारी गती यांनी चालक दचकून चुकायला मदत होऊ शकते, असे त्यात म्हटले होते. दोष पायालाच दिला गेला. तरीही तोवर ऑडीने गाडीत एक लहानसा बदल करून टाकला होता. ब्रेकवर पाय असल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून बाहेर निघणार नाही. आज जवळपास प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत ते कुलूप आहे आणि कुणालाही त्याची अडचण वाटत नाही. चूक कुणाची यावर वाद चालू राहिला आणि उपाय त्याच्यासाठी थांबला नाही. मला तुमच्याकडून हीच वागणूक हवी आहे.

जपानने या बाबतीत जे केले ते सगळ्यांनी डोळ्यांखालून घालावे. १९ एप्रिल २०१९ रोजी तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाची गाडी भर रस्त्यात सुसाट निघाली. रस्ता ओलांडणारी एक आई आणि तिची ३ वर्षांची मुलगी जागच्या जागी गेल्या. चालकाने गाडीत बिघाड असल्याचे सांगितले. गाडीतील नोंदींनी ॲक्सिलरेटर दाबल्याचे दाखवले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. पण तो देश शिक्षेवर थांबला नाही. चुकीचे पेडल दाबल्यास वेग दाबून धरणारी यंत्रणा तिथल्या बहुतेक नव्या गाड्यांत आली. जुन्या गाड्यांत बसवण्याची उपकरणे निघाली आणि वयस्क चालकांना त्यासाठी सरकारी अर्थसाहाय्य मिळाले. टोयोटाने २०२० मध्ये तिथे अशी सोय आणली की समोर अडथळा नसला तरी झटक्याने दाबलेला ॲक्सिलरेटर गाडी मानत नाही. ज्या चालकाला ती हवी त्याला वेगळी चावी मिळते, त्या चावीने गाडी उघडली की यंत्रणा चालू होते. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या चावीने गाडी नेहमीसारखी चालते. किती साधा आणि समजूतदार विचार आहे!

पुढे हाच विचार संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत पोचला. पेडलच्या चुकीबद्दलचा नियम क्रमांक १७५ नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला. त्यातली परीक्षा अशी. गाडी उभी, पुढे १ मीटरवर आणि नंतर दीड मीटरवर अडथळा, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. गाडीने एक तर आदळू नये, किंवा आदळलीच तर वेग ताशी ८ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. जपान आपल्या नव्या ऑटोमॅटिक प्रवासी गाड्यांना सप्टेंबर २०२८ पासून ही यंत्रणा सक्तीची करत आहे.

नियम करणाऱ्यांनो, हा आरंभ चांगला आहे, पण अंगण फारच लहान आखले आहे. परीक्षा उभ्या गाडीची आहे. इकेबुकुरोची गाडी उभी नव्हती. परीक्षा पुढच्या दिशेची आहे, आणि मी वर सांगितलेली कंबर वळण्याची चूक रिव्हर्समध्ये होते. गाडीमागून चालणारे मूल या परीक्षेत कुठेच येत नाही. आणि सक्ती करायची की नाही हे ज्या त्या देशावर सोडलेले आहे. एकच कंपनी एका देशातल्या गाडीत ही यंत्रणा मुकाट्याने देते आणि तीच गाडी दुसऱ्या देशात विकताना तिच्यातून काढून घेते किंवा महागड्या प्रकारापुरती ठेवते. पाय तर सगळीकडे सारखाच चुकतो. कमी किमतीची गाडी घेणाऱ्याच्या पुढ्यातून चालणाऱ्या माणसाचा यात काय दोष?

आता दुसऱ्या बाजूकडे येते. बहुतेक वेळा पाय चुकतो हे मी मान्य केले, म्हणून गाडी कधीच चुकत नाही असे म्हणायला मी तयार नाही. तुम्हीही म्हणू नये, कारण नोंदी तशा नाहीत. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. इंजिनाचा आधार तुटला तर इंजिन उचलले जाऊन थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, ओढला जाईल असा तो दोष होता. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात विक्रेत्याने तात्पुरत्या वापराला दिलेल्या, टोयोटाच्याच लेक्सस गाडीमध्ये दुसऱ्याच मॉडेलची मॅट घातलेली होती. तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला आणि गाडीतली चारही माणसे गेली. चालवणारा महामार्ग पोलीस दलातला अधिकारी होता, म्हणजे नवशिका नव्हे. त्यानंतर टोयोटाला मॅटसाठी आणि पुढे चिकटणाऱ्या पेडलसाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. या दोषांबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याचे कंपनीने २०१४ मध्ये मान्य केले आणि १२० कोटी डॉलर भरले. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाच्या सायबरट्रक या विजेच्या गाडीचे ॲक्सिलरेटरवरचे आवरण सरकून वरच्या पट्टीत अडकू शकते असे निघाले. जोडणी करताना वंगण म्हणून साबण वापरला गेला होता. ३,८७८ गाड्या बोलवाव्या लागल्या.

मॅट, साबण, तुटलेला आधार. हे दोष डोळ्यांना दिसतात म्हणून सापडले. सॉफ्टवेअरचा दोष मागे वळ ठेवत नाही, आणि चालकांची धास्ती तिथेच आहे. टोयोटा प्रकरणात नासाच्या अभियंत्यांनी २,८०,००० पेक्षा जास्त ओळींचा कोड तपासला. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष आला. थ्रॉटल मोठ्या प्रमाणावर उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नव्हता. पण त्याच अहवालाने एक प्रामाणिक पुस्तीही जोडली, की पुरावा सापडला नाही याचा अर्थ तसे घडूच शकत नाही असा होत नाही. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टोयोटाच्या एका गाडीच्या अपघातावरून चाललेल्या खटल्यात सॉफ्टवेअर तज्ज्ञ मायकेल बार यांनी त्या कोडमधल्या उणिवा ज्यूरीपुढे मांडल्या. त्या अपघातात रस्त्यावर चाक घासल्याचा लांब वळ उमटला होता, म्हणजे ब्रेक लागलेला होता. ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरले आणि ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. नासाला काही सापडले नाही तरी ज्यूरीला पटले, हे दोन्ही खरे आहे. मी अभियंता नाही, कोडवर निवाडा देणार नाही. पण एवढे मला दिसते, की बंद दारामागे ठेवलेल्या कोडवर सामान्य माणसाने निव्वळ तुमच्या शब्दाखातर विश्वास ठेवावा ही अपेक्षा टिकणारी नाही.

साक्षीदाराचा प्रश्नही इथेच येतो. अपघाताची नोंद ठेवणारी पेटी गाडीत असते. तिचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द असे समजले जाते. पण ती नोंदवते काय? अमेरिकी नियमाप्रमाणे आजवर ती आदळण्याआधीची ५ सेकंदे नोंदवत आली, ब्रेकची नोंद फक्त ‘लागला’ किंवा ‘नाही’ एवढीच. पाय किती जोराने पडला, ब्रेकच्या नळ्यांत दाब किती चढला, हे सक्तीने नोंदवलेच जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ती मुदत २० सेकंदांची करायचे ठरले. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत पेटी सक्तीची झाली. ठीक आहे. पण पेटीला माहिती मिळते ती गाडीच्याच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडून. जिच्यावर संशय आहे तिच्याच सांगण्यावरून निकाल लागतो, असे चालकाला वाटत असेल तर त्याचे काय चुकले?

१ जुलै २०२४ रोजी दक्षिण कोरियातील सोलमध्ये सिटी हॉलजवळ एक गाडी पादचाऱ्यांत घुसली आणि ९ माणसे मेली. चालक म्हणत राहिला की ब्रेक लागत नव्हता. पोलिसांनी ॲक्सिलरेटरच दाबलेला होता असा निष्कर्ष काढला, आणि त्यात नोंदीइतकाच उपयोगी पडला त्याचा उजवा बूट. तळव्यावर पेडलची नक्षी उमटली होती. बुटाला कुणी सॉफ्टवेअर घालत नाही, म्हणून लोकांना तो पटला. त्या अपघातानंतर तिथे पेडलकडे रोखलेले कॅमेरे लोक स्वतःच्या खर्चाने बसवू लागले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये त्याच देशात गांगनुंग येथे आजी चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात १२ वर्षांचा नातू गेला होता. दोष नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा, अशी मागणी त्या कुटुंबाने लावून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. निकाल कुणाच्या बाजूने लागावा हे मी इथून सांगू शकत नाही. पण नातू गमावलेल्या घराने कंपनीच्या कोडमध्ये शिरून दोष शोधून आणावा, ही व्यवस्था न्याय्य नाही एवढे ठामपणे म्हणते.

पेडलकडे पाहणारा एक कॅमेरा तुम्ही कारखान्यातच बसवा. चालकाचे डोळे पेंगतात का हे पाहणारा कॅमेरा बसवता, मग पायाशी का नाही? चित्रफीत गाडीतच राहावी, अपघात झाला नाही तर पुसली जावी आणि अपघात झाला तर तिची प्रत सर्वांत आधी चालकाच्या हाती पडावी. निर्दोष चालक सुटेल. आणि ज्याचा पाय खरोखर चुकला त्यालाही ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या करत यंत्राला शिव्या देण्यापेक्षा ते पाहणे त्यालाही बरे पडेल, असे मला मनापासून वाटते.

गाडी सुटलीच तर ती थांबवायची कशी, यातही तुम्ही माणसाला कोड्यात टाकले आहे. ब्रेक इंजिनापेक्षा ताकदवान असतो. २००९ मध्ये एका अमेरिकी मोटार-मासिकाने टोयोटाची कॅमरी गाडी ताशी ११२ किलोमीटरवर नेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ब्रेक दाबला. एरवी ती १७४ फुटांत थांबत होती, या वेळी १९० फुटांत थांबली. फक्त १६ फुटांचा फरक. मात्र ब्रेक एकदाच, सगळ्या ताकदीने आणि न सोडता दाबायला हवा. थ्रॉटल उघडा असताना पेट्रोल इंजिनाची हवा खेचण्याची ओढ, जिच्यावर पेडल हलके करणारा ब्रेकचा मदतनीस चालतो, ती नाहीशी होते. दोन-तीनदा ब्रेक सोडून पुन्हा दाबला की साठवलेली ओढ संपते आणि पेडल दगडासारखे होते. हळूहळू दाबत राहिले तर ब्रेक तापून निकामी होतात. लेक्ससच्या चालकाला मदत करायला त्या गाडीत ब्रेकला प्राधान्य देणारी सोयही नव्हती, म्हणजे दोन्ही पेडल एकदम दाबली गेली तर ॲक्सिलरेटर आपोआप निष्प्रभ व्हावा ही सोय. बऱ्याच कंपन्या आता ती देतात. जे देत नाहीत त्यांना ही सूट कुणी दिली?

ब्रेकनंतरचा उपाय न्यूट्रल. शिकणाऱ्यांना मी सांगते की गाडी ऐकेनाशी झाली तर न्यूट्रल टाका, इंजिन कितीही ओरडले तरी ओरडू द्या, बाजूला थांबा, मगच बंद करा, आणि धावत्या गाडीची किल्ली काढू नका, स्टिअरिंगला कुलूप लागेल. पण आता न्यूट्रल कुठे आहे हेच गाडीगणिक बदलते. कुठे फिरवायची चकती, कुठे बटण, कुठे प्रत्येक वेळी मधोमध परतणारी दांडी, कुठे पडद्यावर बोट सरकवायचे. न्यूट्रलसाठी काही गाड्यांत दांडी क्षणभर धरून ठेवावी लागते. सुरू-बंदचे बटण नुसते दाबून धावती गाडी बंद होत नाही. २००९ च्या त्या लेक्ससमध्ये ते ३ सेकंद दाबून धरायचे होते. सुटलेल्या गाडीत ३ सेकंद कुणाजवळ असतात? आणि हे सांगणार कोण? पुस्तिकेच्या कुठल्या तरी पानावर चौकटीत छापले की आपले कर्तव्य झाले, असे मानू नका. दिसायला वेगळी गाडी हवी म्हणून हवे ते बदला. जीव वाचवणारी हालचाल मात्र प्रत्येक गाडीत एकाच जागी, एकाच प्रकारे आणि अंधारात चाचपूनही सापडेल अशी ठेवा.

आम्हा शिकवणाऱ्यांचेही इथे काम आहे आणि ते करायला मी तयार आहे. आणीबाणीचा ब्रेक, न्यूट्रल, सीटवर बसल्यावर टाच ब्रेकच्या रेषेत आहे का ते तपासणे, रिव्हर्स संपल्यावर सरळ बसून पाय नव्याने ठेवणे, हे परवान्याच्या परीक्षेत असायला हवे. ऑटोमॅटिक गाडीवर वळणाऱ्या जुन्या चालकाला तर कुणी काहीच शिकवत नाही. किल्ली देताना विक्रेता त्याला गाणी कशी लावायची ते दाखवतो. त्याच वेळी रिकाम्या जागेत नेऊन त्याच्याकडून एकदा पूर्ण जोराने ब्रेक मारून घ्या आणि एकदा धावत्या गाडीत न्यूट्रल टाकून घ्या. याला पैसा लागत नाही.

माझ्याकडे वयस्क माणसे येतात. मुलांनी गाडी सोडा म्हटलेले असते, आणि गाडी सोडली तर दवाखान्यात, बँकेत, भावाकडे जायचे कसे हा प्रश्न असतो. एखादी अशी बातमी आली की त्यांच्या चेहऱ्यावर मला शरम दिसते, जणू त्यांच्याच हातून ते घडले. त्यांना सरसकट रस्त्यावरून हटवणे हे उत्तर मला मान्य नाही. त्यांच्या जुन्या गाडीत बसेल असे उपकरण द्या. जपानमध्ये ते बनले, म्हणजे बनवता येते. आज रस्त्यावर असलेल्या गाड्या पुढची पंधरा-वीस वर्षे धावणार आहेत आणि नव्या मॉडेलसाठी केलेला कोणताही नियम त्यांना शिवणार नाही.

म्हणून कंपन्यांनी दोन गोष्टी लेखी आणि जाहीरपणे कळवाव्यात. तुमच्या कोणत्या गाडीत पेडलची चूक ओळखणारी यंत्रणा आहे, कोणत्या देशात ती काढून टाकली आहे आणि का, ही एक. विकलेल्या जुन्या गाड्यांसाठी उपकरण कोणत्या तारखेला मिळेल, ही दुसरी. नियम करणाऱ्यांनी अपघाताच्या तपासणीत एक रकाना वाढवावा. चालकाने कोणते पेडल दाबले याच्या खाली, ‘ही चूक गाडीला ओळखता आली असती का, आणि ओळखून तिने काय केले?’ तो रकाना रिकामा असेल तर तपास पूर्ण झाला असे मानू नये.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक वाहनचालन प्रशिक्षिका